तेव्हा आपल्याकडे काय चालू होतं?

आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा मी शाळेत होते. गाव गेलं म्हणजे एका दिवसात बुडालं, असं नाही. आधी नदीकाठच्या धानाच्या बांद्या गेल्या, मग मसणवटा गेला, मग आमचा मोहल्ला. आम्ही ढीवर. बाबांची जाळी वाहत्या वैनगंगेची होती, उन्हाळ्यात डोंगा वाळूला टेकेल एवढ्या पाण्याची. धरणाचं पाणी उभं आणि खोल. मासा होता, पण तो बाबांच्या जाळ्यातला राहिला नव्हता. खोल पाण्याची जाळी वेगळी, होडी वेगळी, आणि ते शिकायचं बाबांचं वय उरलं नव्हतं.

पुनर्वसनात आम्हाला सरळ रस्ते मिळाले. सावली मिळाली नाही. टिनाच्या घरात दुपारी बसवत नसे म्हणून आई आणि मी पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसायचो. बाबा जवळच्या जुन्या तलावावर, आमच्या मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यात जायचे. आई पवनीच्या बाजारात मासळी विकायची आणि मासळी नसली की दुसऱ्यांच्या धानाच्या रोवण्याला जायची. कित्येक दिवस रात्रीचं जेवण म्हणजे पेज आणि वर भाजलेली मिरची. मी बारावी झाले तेव्हा बाबांनी विचार करून एकच गोष्ट सांगितली, "सीक. मी नाही म्हनत नाही. पन एक साल वाया गेलं का घरी. माह्याजवळ दुसरं साल नाही."

मावशीनं तिच्या दिराचा मुलगा तेव्हाच सुचवून ठेवला होता. म्हणजे मी नापास झाले की काय होणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

अशा अटीवर मी पवनीच्या कॉलेजात गेले आणि तिसऱ्या वर्षाला रामटेके सरांच्या वर्गात येऊन बसले. विषय होता जगाचा इतिहास, मध्ययुगापासून औद्योगिक क्रांतीपर्यंत.

सर बुटके होते. पांढरा शर्ट, खिशाशी निळा डाग. शाईचा पेन गळतो हे त्यांना कळत होतं, पण पेन बदलत नव्हते. वर्गात आले की आधी खिडक्या उघडायचे, हिवाळा असो की उन्हाळा. खुर्चीवर बसलेले मी त्यांना कधी पाहिले नाही. खुर्चीवर त्यांची पिशवी बसायची आणि सर बाकांमधून फिरायचे. हजेरी नावानं घेत नसत. नुसती नजर फिरवायचे. "तलावाकडले आले नाही आज. रोवने सुरू झाले वाट्टे?" आम्ही हो म्हटलं की म्हणायचे, "बराबर आहे. युरोपातही कापनीच्या दिवसात कोनी शिकत नव्हतं. हजेरी लावतो सगळ्याइची."

मुलांना ते भाऊ म्हणायचे, मुलींना बाई. मी वैशालीबाई. पहिल्यांदा कोणी मला बाई म्हटलं तेव्हा मी मागं वळून पाहिलं होतं.

सरांचं शिकवणं म्हणजे एखाद्या मोठ्या घरातल्या भांडणाची हकिगत सांगावी तसं. सगळं जग त्यांच्या ओळखीचं. पण राजांची नावं ते घेत नसत. "फ्रान्सचा तो राजा, भलता खर्चिक मानूस," एवढंच. कोणी नाव विचारलं तर म्हणायचे, "नाव पुस्तकात आहे, घरी वाचा. मले हे सांगा, त्याच्या राजवाड्यात सैपाक कोन करत होतं? धान कोनाच्या घरून येत होतं?" छापखाना काढणारा त्यांच्या लेखी 'जर्मनीतला सोनार' होता. हिंदुस्थान शोधायला निघून भलतीकडं लागलेला खलाशी होता 'तो वाट चुकलेला'. "मानूस वाट चुकला तं चुकला," सर म्हणायचे, "पन ज्याइच्या घरी पोचला त्याइलेच म्हने, तुमी हिंदुस्थानी! त्याइनं किती डाव सांगतलं असंल, बावा आमी नाही. आयकतो कोन?"

आणि प्रत्येक धडा संपला की सर खिडकीपाशी जाऊन उभे राहायचे. बाहेर किल्ल्याचा जुना कोट दिसायचा. तिकडं बघत विचारायचे, "अन् राजेहो, तेव्हा आपल्याकडे काय चालू होतं?"

हा प्रश्न पहिल्यांदा आला तो दिवस मला आठवतो. युरोपातली उंच उंच चर्चं शिकवून झाली होती. दोन-दोन, तीन-तीन पिढ्या एकच इमारत बांधत होत्या, नातू कळस चढवायचा आणि पाया आज्यानं घातलेला असायचा. मग तो प्रश्न.

"आपल्याकडे काहीच नव्हतं सर," प्रमोद म्हणाला. प्रमोद कोहळ्यांचा, त्याच्या घरी धानाची शेती. वर्गातला सगळ्यात बोलका तोच.

"तुम्ही कोहळी ना, प्रमोदभाऊ?"

"हो सर."

"गावात तलाव आहे?"

"आहे ना. भला मोठा आहे."

"कोनं बांधला?"

"तो तं पयलेपासून आहे."

सर जागच्या जागी थांबले. "पयलेपासून काय आहे? पहाड. जंगल. तलाव पयलेपासून नसते भाऊ, तलाव बांधा लागते. गोंड राजाच्या काळात तुमच्याच पूर्वजाइनं पानी कुठून येते अन् कुठं जाते ते पाह्यलं, मातीची पाळ टाकली, अन् त्या पान्यावर आजही तुमच्या घरचा भात शिजते. साल थोडं मांगंपुढं असंल. पन तिकडं चर्च उभे राहत होते अन् इकडं तलाव. आता सांगा, काहीच नव्हतं?"

प्रमोद बसला. त्याचे कान लाल झाले होते, पण तो खूश होता. नंतर सर आम्हा सगळ्यांना एक गोष्ट म्हणाले ती मी तेव्हापासून धरून आहे. "'पयलेपासून आहे' असं कोनी म्हटलं का समजाव, इथं इतिहास आहे अन् कोनी लिवला नाही."

माझी पाळी गिल्डच्या धड्याला आली. मध्ययुगातल्या शहरांतल्या कारागिरांच्या संघटना: विणकरांची वेगळी, लोहारांची वेगळी, आपले नियम, आपला भाव, मेलेल्या सभासदाच्या बायकोची सोय. शिकवता शिकवता सर माझ्या बाकापाशी आले.

"वैशालीबाई, तुमच्यात तलावात जाळं ओढल्यावर मासळीचं काय करता?"

मी कधी वर्गात बोलले नव्हते. बाजारात आईच्या टोपलीजवळ बसायची लाज वाटणारी मुलगी, ती मासळीवर काय बोलणार? पण सर थांबूनच राहिले. मग मी सांगितलं. मासळी तलावाच्या पाळीवर आणतात, वाटे पाडतात. जो जाळ्यात उतरला त्याचा वाटा, ज्याचं जाळं त्याचा वाटा. घरचा माणूस आजारी असेल तर त्याच्या घरचा वाटा. विधवेचा वाटा.

"तिचा काहून? ती तं पान्यात उतरली नाही."

"तिचा मालक उतरत होता ना सर."

सर वळले. फळ्याकडं गेले. गिल्ड लिहिलेलं होतं त्याच्या बाजूला त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं: 'वाटा'. मध्ये काहीच चिन्ह नाही, नुसते दोन शब्द शेजारी शेजारी. मी घरी जाऊन बाबांना सांगितलं, आपला वाटा आज फळ्यावर लिहिला. बाबा म्हणाले, "मोठ्या अक्षरानं?" मी हो म्हटलं. त्यांनी अजून थोडा भात मागून घेतला.

सरांचा राग मी एकदाच पाहिला. कोणीतरी वाचून दाखवलं, 'मध्ययुग म्हणजे अंधारयुग.' सर एकदम तापले. "कोनाच्या घरी अंधार होता? बगदादमंधी पुस्तकाचे बजार भरत होते. चीनमंधी कागद होता, छपाई होती. ज्याच्या घरी दिवा नव्हता त्यानं म्हटलं, जगात अंधार आहे! अन् आपन लिवून घेतलं!" मग लगेच आवाज खाली आणून, "तुमची चूक नाही भाऊ. पुस्तकात तसंच आहे."

औद्योगिक क्रांतीला मात्र ते हळू झाले. वाफेचं यंत्र, कोळसा, मँचेस्टरच्या गिरण्या, बारा वर्षांची पोरं मागावर. हे सगळं सांगून झालं आणि ते खिडकीपाशी गेले. आम्ही प्रश्नाची वाट पाहत होतो. पण सरांनी त्या दिवशी विचारलं नाही, स्वतःच सांगितलं. त्यांच्या पणज्याच्या घरी माग होता. जाडंभरडं कापड विणायचे, गावोगावच्या बाजारात न्यायचे. विणणाऱ्याला शिवायचं नाही म्हणून लोक कापड काठीवर घ्यायचे, पण घ्यायचे. मग गिरणीचं कापड आलं. स्वस्त आणि पातळ. "पनज्यानं मागाचे लाकडं एका पावसाळ्यात चुलीत घातले. मंग आमी दुसऱ्याच्या वावरात गेलो. छप्पन सालच्या दीक्षेनंतर माह्या बापानं मले शाळेत टाकलं, म्हनून मी इथं उभा आहो." एवढं बोलून त्यांनी शर्टाच्या बाहीनं फळा पुसला. डस्टर समोर पडलं होतं.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर कोणी पटकन उठलं नाही.

आता चूक कुठं झाली ते सांगते. आमच्या आधीची पोरं सरांचं ऐकायची, हसायची, आणि परीक्षेला बाजारातलं गाइड पाठ करून लिहायची. त्यामुळं ती बिनबोभाट पास व्हायची आणि सरांना कधी काही कळलं नाही. आम्ही मात्र सरांवर इतके भाळलो, की वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांनी गाइड घेतलंच नाही. पेपर सोपा आला. आम्ही हसत हसत बाहेर आलो. निकालात माझे बाकी सगळे विषय निघाले आणि इतिहास गेला. प्रमोदचा गेला. गाइड न घेतलेल्या सगळ्यांचा गेला.

सरांनी आम्हाला रिकाम्या वर्गात बसवलं. त्या दिवशी खिडक्या उघडल्या नाहीत. एकेकाला विचारलं, काय लिहिलं?

"युरोपातील राज्यांच्या उदयाच्या प्रश्नाले काय लिवलं?"

"फ्रान्सचा खर्चिक राजा, सर."

"नाव?"

"नाव तुमी सांगतलं नव्हतं."

"गिल्ड?"

मी म्हटलं, "गिल्ड लिहिलं सर, पन वाट्याचं जास्त लिहिलं. मंग शेवटच्या प्रश्नाले टाइम नाही उरला."

"प्रमोदभाऊ, औद्योगिक क्रांतीचे परिनाम?"

प्रमोद उभा राहिला. आठवून आठवून, जसं लिहिलं तसंच म्हणाला, "पहिला परिणाम: रामटेके सरांच्या पणज्याचा माग बंद पडला."

मागं कोणी तरी फिसकन हसलं. सरही हसले, आणि हसता हसताच त्यांचा चेहरा उतरला. आम्ही जे जे सांगत होतो ती त्यांचीच वाक्यं होती. पहिल्यांदाच ते खुर्चीवरची पिशवी खाली ठेवून खुर्चीवर बसले.

"चूक नाही लिवलं तुमी," ते म्हणाले. "पन त्या तपासनाऱ्या मानसाले काय मालूम, रामटेके कोन?"

मग सर घराघरांत गेले. आमच्याकडं आले तेव्हा बाबा दारात जाळं विणत बसले होते. मावशीकडचे पाहुणे दोन दिवसांपूर्वीच येऊन गेले होते आणि आईनं चहासोबत त्यांना पोहे केले होते. पोहे केले म्हणजे बोलणं पुढं गेलं होतं. मी आत चुलीपाशी उभी.

"बसा सर," बाबा म्हणाले. "पोरगी नापास झाली."

"हो भाऊ. त्यासाठीच आलो. ते माह्यानं झालं."

"तुमी शिकवलं ते खोटं होतं काय?"

"खोटं नव्हतं."

"मंग?"

"पेपरात इचारलं एक, अन् पोराइनं सांगतलं दुसरं. दुसरं सांगाची सवय म्या लावली."

बाबांनी जाळं खाली ठेवलं. "म्हंजे गिऱ्हाइकानं मांगला रोहू, अन् तुमी टाकली मरळ."

"तसंच."

"मरळ चांगली असते सर. पन गिऱ्हाईक पैसे देत नाही मंग."

"नाही देत."

बाबांची अट सरांना माहीत नव्हती, ती बाबांनीच सांगितली. दुसरं साल नाही म्हणून. पाहुणे येऊन गेले तेही सांगितलं. सर म्हणाले, "साल नका देऊ भाऊ. हिवाळ्याची परीक्षा आहे. तेवढे दिवस द्या." शर्टावरच्या डागाला ते अंगठ्यानं घासत होते.

तेव्हा आई आतून बोलली. आई परक्या माणसासमोर बोलत नसे. "अजी, वैशूचे बाबा, देऊन टाका ना. मले बजारात इचारतेत बाया, पोरगी काय सिकते म्हनून. म्या काय सांगू, आदी सिकत होती?"

बाबांनी पुन्हा जाळं उचललं. "एक डाव," ते म्हणाले. "हिवाळ्यात नाही निघाली तं मंग तुमी येजा जेवाले, लग्नाचं."

त्यानंतरचे महिने सर आम्हाला रोज कॉलेज सुटल्यावर बसवायचे. त्यांना ते आवडत नव्हतं, हे दिसायचं. राजांची नावं आणि सनावळ्या ते फळ्यावर अशा लिहायचे, जशी कडू गोळी गिळावी. "प्रस्तावना चार ओळी. कारणं पाच. परिनाम पाच. समारोप तीन ओळी. बाईहो, पनज्याले घरी ठेवा!" आम्ही हसायचो. एकदा मी उत्तराच्या शेवटी सवयीनं तलावाचं वाक्य लिहिलं. सरांनी ते खोडायला पेन उचलला आणि बराच वेळ खोडलंच नाही. मग पेन्सिलीनं त्याभोवती गोल केला आणि म्हणाले, "हे वाक्य परीक्षेत लिवू नका, बाई. पन इसरू नका."

त्याच हिवाळ्यात सर रिटायर झाले. घरी एकटेच होते. बायको जाऊन काही वर्षं झाली होती आणि नागपूरची मुलगी केव्हाची बोलावत होती. सर जात नव्हते. "पोराइचा निकाल लागू दे," म्हणायचे. मुलगी फोनवर रागवायची, "बाबा, आता पगार तं बंद झाला, तुमची कायची पोरं?" शेवटी निकालाच्या दिवशी मुलगी आणि जावई टेम्पो घेऊनच आले.

निकाल मोबाइलवर येणार होता आणि आमच्या पुनर्वसनात रेंज टाकीवर चढल्याशिवाय मिळत नाही. मी टाकीवर चढले. खाली बाबा उभे. पान उघडायला खूप वेळ लागला. मी वरूनच ओरडले. बाबांनी लगेच मोटरसायकल सुरू केली. शेजाऱ्याची होती.

आम्ही पवनीला सरांच्या दारात पोचलो तेव्हा टेम्पो भरून तयार होता. पुस्तकांची खोकी, गॅसची शेगडी, सर्वांत वर उलटी बांधलेली खाट. सर ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते, मांडीवर कॅलेंडर आणि भिंतीवरचं घड्याळ. गल्लीत आमच्यातले बरेच जण जमले होते.

"वैशालीबाई?"

"निघाला सर. पास."

त्यांनी मान हलवली. एकेकाकडं बघत गेले. पास, पास, सर मीपन पास. प्रमोद भिंतीला टेकून उभा होता. त्याला विचारायची गरज पडली नाही.

"किती कमी पडले?"

"थोडेच सर," प्रमोद म्हणाला. "जा तुमी. उन्हाळ्यात देतो मी. गाइड घेतो."

सर थोडा वेळ घड्याळाकडं बघत राहिले. ते बंद होतं, सेल काढून ठेवलेला. मग त्यांनी टेम्पोचं दार उघडलं आणि खाली उतरले.

"जावईबापू, माही खाट काढा."

"बाबा!" मुलगी दारातून ओरडली. "घर खाली केलं ना आपन! झोपसान कुठं, खासान काय?"

"घरमालकाले म्या सांगतो. उन्हाळ्यापर्यंतच आहे."

"एका पोरासाठी?"

"एकच तं राहिला," सर म्हणाले. "सगळे राहिले असते तं एकमेकाइले धरून निघाले असते, मी गेलो असतो."

जावई हसायला लागला आणि दोर सोडायला लागला. प्रमोद पुढं आला नाही. तो भिंतीकडं तोंड करून उभा होता. बाबांनी मोटरसायकल स्टँडला लावली, लुंगी वर खोचली आणि टेम्पोशी गेले. खाटेची एक बाजू बाबांनी धरली, दुसरी सरांनी. दार अरुंद होतं, खाट आडवी जाईना. "तिरपी घ्या सर, तिरपी," बाबा सांगत होते. सर उलट्या पावली, पाय चाचपत, आत जात होते. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं. त्यानंतर मी भंडाऱ्याला नोकरीला लागले आणि ते उन्हाळ्यानंतर नागपूरला गेले.

प्रमोद उन्हाळ्यात निघाला. मी हिवाळ्यातच निघाले होते. बी.ए., द्वितीय श्रेणी. विषय मराठी, राज्यशास्त्र, इतिहास. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली.